आवळ्याचं तपेलं

"हात पुढे करा."

नमस्कार, रामराम, कसं काय, यांतलं काहीही म्हणायच्या आधी अण्णा हे म्हणत. हात पुढे केला की पुढची आज्ञा येई, "उलटा करा. बोटं ताठ. मनगट वर उचला. असंच ठेवा स्वल्प वेळ." मग चष्मा कपाळावर सरकवून ते तुमच्या मनगटाकडे बघत राहत. मनगट ताठ राहिलं की हात सुलटा करायला लावत आणि खिशातला एक आवळा तळहातावर ठेवत. नमस्कार त्याच्यानंतर.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. जगाच्या भल्याची त्याला इतकी घाई असते की आपण समोरून येताना दिसलो तरी त्याचा जीव हरखतो आणि आपला धास्तावतो. मी अण्णांना टाळायला कितीदा तरी रस्ता बदललेला आहे. पण आम्ही दोघं शेजारी राहत होतो ते बंगलोरचं जयनगर तेव्हा नकाशावर जास्त आणि जमिनीवर कमी होतं. चार घरं, मध्ये मोकळे प्लॉट आणि लाल माती. लपायला झाडसुद्धा नव्हतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगलोरच्या कडेला बॅटऱ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो आणि अण्णा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. मी नगरकडचा, ते बेळगावकडचे. मराठी आणि कानडी त्यांच्या तोंडात भावंडांसारखी नांदत होती, म्हणजे भांडतही होती. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का.

बॅटरीच्या पट्ट्या शिशाच्या. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की घासायचं. त्याची वाफ आणि धूळ माणसाच्या पोटात जाते आणि तिथंच मुक्काम करते. आधी पोटात कळा येतात, चेहरा पांढुरका पडतो, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते. मग एके दिवशी मनगट वर उचलत नाही, हात पंजापासून खाली लोंबतो. अण्णांनी असा हात तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात पाहिला होता. एका ओतकाम्याला स्वतःच्या हातानं जेवता येईना, तेव्हा त्याची म्हातारी आई त्याला भरवायला कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसायची. तेव्हापासून त्यांना दुनियेत मनगटाशिवाय काही दिसत नसे.

त्यांचा सिद्धांत असा होता. "शिसं आत गेलं की माणसाला आतनं गंज चढतो बघा. लोखंडाला वरनं चढतो, माणसाला आतनं. आणि आवळा म्हणजे त्या गंजावरचं तेल." मी केमिस्ट असल्यामुळे हसत असे. आता औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या बाटल्यांवर 'अँटिऑक्सिडंट' असं ठळक छापलेलं असतं आणि शिसं शरीरात नेमकं काय करतं हे सांगताना शिकलेली माणसं जवळजवळ गंजाचीच गोष्ट सांगतात. मी त्या बाटल्या निमूटपणे विकत घेतो. हसायचं तेवढं हसून झालेलं आहे.

रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ओतशाळेच्या दाराशी रांग लागे. अण्णा आवळ्याचा रस एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत घेऊन बसत. मोसम नसला की आवळकाठी रात्रभर भिजत घातलेली असे. रस म्हणजे आंबट, तुरट आणि वर हट्टानं मीठ न घातलेला. "मीठ घातलं की तुम्ही चवीसाठी प्याल, औषधासाठी नव्हे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणी कशासाठीच पीत नसे. अॅल्युमिनियमचा पेला अर्धा भरून घ्यायचा, 'पिऊन, विसळून आणतो अण्णा' म्हणत शेडच्या मागं जायचं आणि रस क्रोटनच्या वाफ्यात ओतून तोंड पुसत परत यायचं. मुनियप्पा नावाचा एक फिटर तर येताना डोळे मिटून, खांदे उडवून अशी काही शहारल्याची नक्कल करायचा की अण्णा खूश होऊन म्हणत, "लागला बघा आत जाऊन!"

ही गोष्ट सगळ्या कारखान्याला माहीत होती. मलाही होती. क्रोटनला तर होतीच. त्या वाफ्यातली पानं एवढी रसरशीत आणि रंगीत होती की पाहुणे आले की साहेब त्यांना तिकडूनच नेत. फक्त अण्णांना कुणी सांगत नव्हतं, कारण ते रांगेतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे स्वतः रंगवल्यासारखे बघत. "काय तजेला आलाय बघा की!" ते म्हणत. तजेला होता, हे खरं. आमच्या डॉक्टरांनी मोठ्या खटपटीनं धूर ओढणारे पंखे बसवून घेतले होते आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायची सक्ती केली होती, तो त्याचा परिणाम. डॉक्टर अण्णांना मात्र आडवे गेले नाहीत. "आवळ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही," असं ते हसून म्हणाले होते. हे वाक्य पुढे त्यांनी मनात किती वेळा गिळलं असेल कोण जाणे.

उरलेला रस अण्णा स्वतः पीत. टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माणसं अर्धाच पेला मागत, त्यामुळे उरायचाही भरपूर. तो लोट्यात भरून ते घरी नेत आणि संध्याकाळी अंगणात बसून औषधाच्या निष्ठेनं संपवत. अक्का नाक मुरडून आत निघून जात.

देवाधर्माशी त्यांचं मुळीच पटत नसे. बनशंकरीच्या देवळात बायका लिंबू अर्धं कापून, पिळून, साल उलटी करून तिच्यात दिवा लावतात. अण्णा एका शुक्रवारी अक्कांबरोबर तिथं गेले आणि पिळून टाकलेला रस बघून त्यांचा संयम सुटला. "देवीला साल द्या की, कोण नको म्हणतंय! पण रस असा मोरीत ओतताय, काय म्हणावं तुम्हाला? तिकडं माझी माणसं शिसं गिळायला लागलीत!" पुजारी धावत आला. अक्कांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुढे कधी सोबत नेलं नाही. ओतलेल्या रसाबद्दल एवढं पोटतिडकीनं बोलणाऱ्या माणसाला आपल्याच शेडमागं काय चाललंय याचा पत्ता नव्हता, हे मला तेव्हा फार गमतीचं वाटलं होतं.

मग एकदा ती बरणी फुटली. पट्ट्यांची ढकलगाडी वळताना धक्का लागला आणि रसासकट तिचे तुकडे झाले. खरं सांगायचं तर रांगेला सुटल्यासारखं वाटलं. पण अण्णा खाली बसून तुकडे गोळा करायला लागले आणि त्यांनी वर बघून एवढंच विचारलं, "आता उद्या तुम्हाला काय देऊ रे?" त्यानंतर कुणाला हसता आलं नाही. मुनियप्पा तर त्यांच्याबरोबर खाली बसून तुकडे वेचू लागला.

दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्याकडे यंत्रं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावत, केळीचे खुंट बांधत, कोहळा फोडत आणि चुरमुरे वाटत. त्या वर्षी पूजेत ओतशाळेच्या मधोमध एक भलंमोठं पितळी तपेलं ठेवलेलं होतं. माणसांनी वर्गणी काढून ते चिकपेठेतून आणलं होतं. पितळेत आंबट ठेवायचं तर कल्हई हवी. बाजारातला कल्हईवाला कथलात भेसळ करतो, त्यापेक्षा कल्हई आपणच करू, असं मुनियप्पानं ठरवलं होतं. कारखान्यात तारा जोडायला डाखाच्या कांड्या असत. त्या वितळवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं त्यानं तपेलं आतून असं काही घोटलं होतं की वाकून बघावं तर आपलं नाक दिसे.

अण्णांनी तपेल्यात वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर मान काढली नाही. आम्हाला वाटलं, चकाकी न्याहाळताहेत. मान वर आली तेव्हा चष्मा ओला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन केमिस्ट आणि एक डॉक्टर होते. डाख म्हणजे जवळजवळ निम्मं शिसं, आणि आवळ्यासारखं आंबट त्यात रात्रभर मुरलं तर काय होईल, हे आम्हा तिघांना परीक्षेत विचारलं असतं तर आम्ही न अडखळता लिहिलं असतं. पण तो सणाचा दिवस होता.

नव्या तपेल्यात रसाला वेगळी चव आली. अण्णा ज्याला त्याला सांगत, "तुरटपणा मऊ झालाय बघा. मागनं गोड लागतं. भांड्यात गुण असतो वो!" रांग मात्र पूर्वीसारखीच शेडमागं जात होती. आता तर माणसं आदरानं अर्ध्याऐवजी एक घोट मागत, म्हणून उरायचा आणखी जास्त.

हिवाळ्यात अण्णा खंगायला लागले. पोट दुखतं म्हणत, चेहरा राखेसारखा झाला. वय झालं, असं ते म्हणाले. दवाखान्यात बसून पुड्या बांधणाऱ्या माणसाबद्दल शिशाची शंका कुणाला येणार? पोटासाठी त्यांनी स्वतःच उपाय शोधला. रस वाढवला.

एका सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. अण्णा फाटकातून आले. "हात पुढे करा," ते म्हणाले. मी साबण लागलेला हात पुढे केला. "असा नव्हे वो, असा," म्हणून त्यांनी दाखवायला आपला उजवा हात पुढे केला. बोटं ताठ झाली नाहीत. मनगट वर आलं नाही. पंजा खाली लोंबत राहिला. अण्णांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो रांगेतला कुणीतरी थट्टेखोर कामगार आहे. "ए, हे काय नाटक?" ते त्याला म्हणाले. हात खालीच होता.

मग त्यांनी माझा आरसा डाव्या हातात घेतला, खालचा ओठ ताणून खाली केला आणि पाहिलं. हिरड्यांवर निळी रेघ होती. ती रेघ त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शोधली होती.

"मी तर शिशाला कधी हात लावत नाही," ते म्हणाले. आरसा मात्र परत द्यायचं विसरले.

मी त्यांच्या लोट्यातला रस घेऊन प्रयोगशाळेत गेलो. आटवला, जाळला, राख आम्लात विरघळवली आणि त्यात परीक्षेचे थेंब टाकले. नळीच्या तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसला. तो शिशाचा साका. कॉलेजात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला फार सुंदर वाटला होता.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी त्यांना सांगितलं. डाख, तपेलं, रस, सगळं. ते ऐकत होते, पण स्वतःच्या हाताकडे बघत नव्हते.

"म्हणजे मी रोज सकाळी..." ते म्हणाले आणि थांबले. मग उठून उभे राहिले. "सगळ्यांना बोलवा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांचे हात बघायला पाहिजेत. अहो, मी त्यांना रोज पेल्यातनं दिलंय, माझ्या हातानं! त्यांची लेकरंबाळं आहेत हो!"

इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाचवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि तीच सांगणं सगळ्यात कठीण होतं.

"अण्णा, बसा. त्यांना काही झालेलं नाही."

"कशावरनं?"

"कुणी पीत नाही."

"काय पीत नाही?"

"रस. कधीच पीत नव्हते. शेडमागं क्रोटनला घालतात."

ते खाली बसले. "एकही नाही?"

"एकही नाही."

"मुनियप्पापण?"

"मुनियप्पा तर नाहीच."

एवढ्या वर्षांची मेहनत. पहाटे उठून आवळे ठेचणं, ती रांग, तो तजेला. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता रडतील. पण ते हसायला लागले. पोट धरून हसले, मग कळ आली म्हणून थांबले, पुन्हा हसले. "बरं झालं," ते म्हणाले. "देवा, बरं झालं. कुणी माझं ऐकलं नाही." देवाचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. डोळे पुसायला उजवा हात वर नेला तर पंजा खालीच लोंबत राहिला, म्हणून मी पुसले.

मग ते एकदम गंभीर झाले. "त्यांना सांगायचं नाही. तपेल्याचं. मुनियप्पानं प्रेमानं घोटलंय ते. कळलं तर तो माणूस जन्मात कुणाला काही प्रेमानं देणार नाही. तुम्ही, मी आणि डॉक्टर. बस्स."

"पण तपेलं बंद कसं करणार?"

ते त्यांनी दुसऱ्या दिवशी केलं. आजारी अंगानं रांगेपुढे उभे राहून, हात धोतराच्या सोग्यात लपवून, कानडीत जाहीर केलं की बनशंकरी स्वप्नात आली होती. देवी म्हणाली, तपेलं मानाचं आहे, ते घरी ठेव, माणसांना रस मातीच्या माठातून दे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मलाच माहीत. माणसांनी मात्र हात जोडले. आणि त्या दिवसापासून माठातला रस एकजात सगळ्यांनी प्यायला सुरुवात केली, शेवटच्या थेंबापर्यंत. देवीनं सांगितलं होतं ना!

"इतकी वर्षं घसा फोडून शास्त्र सांगितलं," अण्णा मला म्हणाले. "आणि बाई एकदा स्वप्नात आली, तीही आली नव्हती."

त्यांना डॉक्टरांनी औषधं दिली, सक्तीची विश्रांती दिली. हात हळूहळू बराचसा वर आला, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणत, "रसातच विष होतं आणि रसातच औषध. आत दोघांची कुस्ती चालली असणार. आवळा नसता तर कदाचित याहून वाईट झालं असतं." अण्णांनी शेवटच्या वाक्यातलं 'कदाचित' सोडून बाकीचं पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवलं. फक्त विषाचं नाव काढलं नाही. कामगारांना वाटे, अण्णांना वाताचा झटका येऊन गेला.

ते निवृत्त झाले. नव्या कंपाउंडरला आवळ्यात रस नव्हता, माठ कोपऱ्यात गेला. अण्णांच्या अंगणात मात्र ते तपेलं पायरीशेजारी होतं आणि त्यात कारखान्यातून आणलेली क्रोटनची फांदी फोफावली होती. "सगळ्या कारखान्यात माझं ऐकणारं एवढंच एक होतं," ते म्हणत. आयुधपूजेला मुनियप्पा आणि त्याचे सोबती येऊन तपेल्याला हळदकुंकू लावत. अण्णा शांतपणे लावून घेत.

काही वर्षांनी अण्णा गेले. हृदय थांबलं, झोपेत. त्यानंतरच्या दसऱ्याच्या आधी मुनियप्पा चौघांना घेऊन आला आणि अक्कांनी मला शेजारून बोलावलं.

"सार," तो कानडीत म्हणाला, मी मराठीत सांगतो, "आम्ही अण्णांशी खोटं वागलो. या तपेल्यातला रस आम्ही कधी प्यायलोच नाही. सगळा क्रोटनला घातला. आता आम्ही ठरवलंय. हे तपेलं ओतशाळेत न्यायचं आणि अण्णांच्या नावानं रोज त्यातूनच आवळ्याचा रस वाटायचा. आता खरोखर पिणार, सार."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णांना दिलेला शब्द एकीकडे आणि या माणसांची मनगटं दुसरीकडे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी तोवर क्रोटन मुळासकट अलगद काढून बाजूला ठेवलं होतं आणि तपेलं पालथं करून माती झाडली होती.

तपेल्याच्या तळाला भोक होतं.

"एवढंच ना?" मुनियप्पा म्हणाला. "डाख लावला की दोन मिनिटांत बुजेल." त्यानं तळ हातानं पुसला. चिकटलेली माती गळून पडली आणि आणखी एक भोक निघालं. मग आणखी एक. सगळा तळ चाळणीसारखा झाला होता. भोकं वेडीवाकडी होती, काही ठिकाणी छिन्नी घसरून नुसतेच ओरखडे उठले होते. नीट न उचलणाऱ्या मनगटानं, अनेक दिवस बसून केलेलं ते काम होतं. अण्णा आपल्या माणसांना ओळखून होते. एकच भोक असतं तर या माणसांनी ते बुजवलं असतं.

"असं का केलं अण्णांनी?" मुनियप्पानं विचारलं.

"क्रोटनच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून," मी म्हणालो. "रस माठातच करा. देवीनं सांगितलंय."

"सरी सार," म्हणजे बरं साहेब, असं तो म्हणाला.

त्यानं डाव्या हातानं तपेलं उन्हाकडे उचलून धरलं आणि त्याखाली उजवा हात पुढे केला. तळातून आलेले उन्हाचे ठिपके त्याच्या पंजाच्या पाठीवर पडले. त्याची बोटं ताठ होती आणि मनगट जरासुद्धा खाली झुकलं नव्हतं.